गॅसवाल्याचं नाक

घरोघरी जाऊन गॅसची गळती शोधायची, हा माझा धंदा. रीत सोपी आहे. नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा आला की गळती. पण फेस लावत बसतात ती नवशिकी पोरं, अशी माझी समजूत! मी कानावर सिगारेट खोचून स्वयंपाकघरात शिरायचो, डोळे मिटून हुंगायचो आणि निकाल द्यायचो. केवढा तो रुबाब!

एका आजींनी तक्रार केली, वास येतोय. मी हुंगलं आणि म्हणालो, "काही नाही आजी, भास होतोय तुम्हाला."

"मेल्या, माझे डोळे गेलेत, नाक नाही!" असं म्हणून त्यांनी थेट साहेबांना फोन लावला. साहेब आले आणि दारातच त्यांनी नाकाला रुमाल लावला. फेस लावला, तर जोडावर हा एवढा फुगा! आजींनी त्या दिवशी काडी ओढली असती तर? अजूनही अंगावर काटा येतो.

"सिगारेटनं नाक मारलंय तुझं," साहेब म्हणाले. "महिन्याभरात ते ताळ्यावर आण, नाहीतर गोदामात बसून नळ्या मोज." गोदामात गेलेला माणूस आमच्याकडे परत बाहेर येत नाही. घरोघरी हिंडण्याशिवाय मला दुसरं काही येतही नाही. तंतरलीच माझी.

म्हणून सिगारेट सोडवायच्या केंद्रात गेलो. वाटलं, तिथं खरे व्यसनी असतील, मी आपला नाकापुरता. पण तिथं जमलेल्या प्रत्येकाला तसंच वाटत होतं! बाकीचे हाताबाहेर गेलेले, आपण तेवढे बरे. प्रत्येकाला कुणीतरी ढकलून पाठवलेलं, आणि सांगताना मात्र "मीच ठरवलं." मधल्या सुट्टीत सगळे सवयीनं बाहेर भिंतीपाशी जाऊन उभे राहिलो. हातांचं काय करायचं ते एकालाही सुचेना.

केंद्राच्या ताईंनी विचारलं, कशासाठी आलात? बसचालक म्हणाला, छातीसाठी. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मुलीसाठी. मी म्हणालो, "नाकासाठी." सगळे खो खो हसले.

ताई तेवढ्या हसल्या नाहीत. "येईल परत," त्या म्हणाल्या. "पण आधी चिडचिड होईल."

झाली की! मी चपलेवर ओरडलो, पंख्यावर ओरडलो, नळ गळतो म्हणून नळाशी भांडलो. सिगारेटला मात्र हात लावला नाही, एवढं एकच काम मी आयुष्यात धड केलं असेल.

महिना संपत आला आणि एका सकाळी सदरा काढायला कपाट उघडलं, तर भपकन वास आला.

"अगं, उंदीर मेलाय वाटतं कपाटात!" मी ओरडलो.

बायको आली. तिनं कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमचे कपडे आहेत ते," ती म्हणाली. "रोजचाच सिगारेटचा वास आहे."

आनंदानं नाचायचं सोडून मी खाली बसलो. नोकरी वाचली होती, पण लाजेनं मान वर होईना.

"रोजचा? आणि तू बोलली नाहीस?"

"तुम्हाला कळत असेल असं वाटायचं. म्हणून तर मी खिडकीशी झोपते."

"मला वाटायचं, तुला वारा आवडतो."

"थंडीत?" ती म्हणाली.