माजघरातला दुसरा राउटर

फोनमध्ये माझ्या पोराचं तोंड उघडं राहिलं आणि तसंच थिजलं. लेक नाव सांगायला पाळण्यात बाळाच्या कानाशी वाकलेली, बायका भोवती दाटलेल्या, आणि नेट गेलं.

पोरगा फौजेत. मुलगी झाल्यापासून त्याने तिला फोटोतच पाहिलेली. आणि थोड्या वेळाने त्याची तुकडी वर चौकीवर निघणार होती. तिथे फोन लागत नाही.

आमचं नेट सोप्यात. माजघराची भिंत दगडी, दोन हात जाड, आत काही येत नाही. पाळणा सोप्यात बांधू म्हटलं, तर थोरली जाऊ ऐकेना. "समदी पोरं ह्याच तुळईला झुलली. ही बी झुलंल." मग जावयाने सांगलीहून दुसरा राउटर आणला आणि जुन्यापासून वायर ओढून माजघरात लावला.

"मामी, घरात कारभारी एकच पायजे," तो म्हणाला होता. "फोनास्नी नंबर वाटायचं काम जुन्याचं. नव्यानं नुसतं फुडं द्यायचं." मला लगेच कळलं. मी जावेबरोबर एका चुलीवर जन्म काढला आहे.

आदल्या दिवशी सगळं नीट चाललं होतं. आता जावई नव्या डब्याचे दिवे बघत म्हणाला, "ह्याला कुनी हात लावला?"

"नवी वस्तू घरात आली, हळदीकुंकू नको व्हय लावाय?" जाऊ म्हणाली.

"लावलं. मग?"

"बारक्या भोकात कुंकू गेलं. सुईनं कोरून काडलं. लय येळ गेला माजा."

जावयाने कपाळावर हात मारला. "आवं मावशी, त्या भोकात सुई दाबली की त्यो समदं इसरतोय! आता त्योबी कारभारी झालाय. दोगंबी नंबर वाटत्यात, फोननं ऐकायचं कुनाचं?"

"परत शिकवायला किती वेळ?" मी विचारलं.

"अर्धा तास तरी, मामी."

पोराकडे अर्धा तास नव्हता. मी नव्याची वायर उपटली, पाळण्यातून बाळ उचललं आणि सोप्याकडे निघाले. जाऊ दारात आडवी.

"पाळण्यातनं काडून नाव ठिवत्यात व्हय गं? लोकं काय म्हनतील?"

"लोकांस्नी जेवाय वाडा, काय म्हनत न्हाईत. सरका, आक्का."

सोप्यात जावयाने जुना राउटर एकदा बंद करून चालू केला. आम्ही फोनकडे बघत उभ्या. बाळ सुनेकडे दिलं आणि फोन मी धरला. वाजला.

लेकीने नाव कानात सांगायचं ते ओरडून सांगितलं, म्हणजे त्यालाही ऐकू जावं.

"ऐकलं, ऐकलं," पोरगा म्हणाला. "तिला जरा उजेडात धरा."

धरली. ती झोपलेलीच होती. तो बघत राहिला. मग मागून कुणी हाक मारली आणि तो गेला.

दुपारी जावयाने नव्याला पुन्हा शिकवलं. त्या भोकावर चिकटपट्टी जावेने स्वतः लावली. पोरगा पुढे सुट्टीवर आला तेव्हा मुलगी त्याला बघून भोकाड पसरून रडली. जाऊ आता नाही. चिकटपट्टी आहे. नाव ठेवलं तेव्हा सोप्यात मी, जाऊ, लेक, जावई आणि सून होतो, आणि फोनमध्ये मुलीचा बाप होता.