भोंगा आणि बदक

मावशीचं खेळणी दुरुस्तीचं दुकान आहे. चाक निखळलेल्या मोटारी, डोळा पडलेल्या बाहुल्या, मुक्या झालेल्या पिपाण्या, सगळं तिच्या टेबलावर येतं. बाई हसरी, पण एकदा डूख धरला की सोडत नाही. मला तेच आवडतं. ऊठसूट माफ करत सुटणाऱ्या माणसांचा मला रागच येतो.

तिचा डूख होता भोंग्यावर. भोंगा म्हणजे आमच्या ज्यू लोकांच्या प्रार्थनाघराचे दणदणीत आवाजाचे कारभारी. माझा मावसभाऊ जेमतेम अडीच-तीन वर्षांचा होता. शब्बाथची, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाची, प्रार्थना चालली होती आणि तो मागे बसून खुळखुळा वाजवत होता. शब्बाथला मोठ्या माणसांनी काही वाजवायचं नाही, पण एवढ्याशा लेकराने आपल्या हाताने वाजवलं तर आमच्याकडे चालतं. भोंग्यालाही ते पक्कं ठाऊक होतं. तरी मेल्याने खुळखुळा हिसकावला आणि असा ओरडला की पोराची चड्डी ओली झाली. लोक हसले. तेव्हापासून ते पोर चार माणसांत नुसतं पुटपुटतं.

आता ते तेरा वर्षांचं झालं. आमच्या रिवाजाप्रमाणे येत्या शब्बाथला सगळ्यांपुढे उभं राहून तोराह या धर्मग्रंथातला उतारा वाचायचा होता. वाचणारा चुकला की जागेवरून गर्जून दुरुस्त करायचं, ही भोंग्याची जुनी खोड.

"आई, मी नाही वाचणार."

"तू वाच. त्याची कशी जिरवायची ते मी बघते."

प्रार्थनाघरात मागच्या फळीवर लहान मुलांची खेळणी असतात. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मावशी तिथे एक बदक ठेवून आली. बॅटरीचं, मोठा आवाज झाला की ओरडणारं. आतला स्क्रू तिने असा पिळला होता की साध्या बोलण्याला ते हूं की चूं करणार नाही. बटण चालू. आणि दिवस मावळून शब्बाथ लागला की विजेच्या वस्तूचं बटण दाबायचं नाही, तिला हलवायचंही नाही.

सकाळी पोर वाचायला उभं राहिलं आणि पहिल्याच ओळीत अडखळलं. भोंगा गरजला.

"क्वॅक क्वॅक क्वॅक!"

"कोणी ठेवलं ते?"

"क्वॅक क्वॅक!"

"बंद करा!"

"क्वॅक!"

करणार कोण? भोंग्याचा हात फळीपर्यंत गेला आणि हवेतच थांबला. आता ठाऊक असून ओरडायचं म्हणजे बदक आपणच चालवायचं, आणि ते शब्बाथला चालत नाही. हाच नियम तो आम्हाला जन्मभर बोट नाचवून सांगत आलेला! लोक रुमाल तोंडात कोंबून हसत होते. भोंगा लालबुंद होऊन खाली बसला. अहाहा, काय गार वाटलं मला!

पोर वाचत राहिलं. चुकलं की भोंगा कुजबुजायचा, पोर सुधारायचं. हळूहळू त्याची मान वर आली. शेवटच्या ओळीला नकळत त्याचा आवाज असा खणखणीत निघाला की बदक ओरडलं. पोर खदाखदा हसायला लागलं, आणि मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

प्रार्थना संपल्यावर फळीपाशी भोंग्याने तिला गाठलं. दातओठ खात पुटपुटला, "हे तुमचंच काम."

मावशीने डोळे पुसले, कानामागे हात धरला. "काय म्हणालात, कारभारी? जरा मोठ्याने बोला ना."