आईच्या वयातली वाढीव सात वर्षं

आईच्या पित्तनळीत खडा अडकला होता. डोळे पिवळेजर्द, अंगात हुडहुडी, जेवणाचं नाव काढलं की तोंड फिरवायची. सोनईहून तिला नगरच्या दवाखान्यात आणलं. तोंडातून दुर्बीण घालून बघितलं, पण खडा मोठा, जागचा हलेना. तात्पुरती नळी टाकून पित्ताला वाट करून दिली. ताप उतरल्यावर सर्जन खाटेशी आले आणि म्हणाले, पोटाला चार छोटी भोकं पाडून दुर्बिणीनं ऑपरेशन करू.

मी आधार कार्ड पुढं केलं. "अठ्ठ्याहत्तर वय आहे, डॉक्टर. आता कशाला चिरफाड? राहू द्या."

"नुसतं वय बघून मी कुणाला परत पाठवत नाही," ते म्हणाले. "हृदय, श्वास, चालणं-फिरणं बघतो. तपासण्या चांगल्या आल्यात. धोका आहेच, पण खडा तसाच ठेवण्यात जास्त आहे. विचार करून सांगा."

विचार कसला? मी तर नाही म्हणून मोकळा झालो होतो.

ते गेल्यावर आई उठून बसली. "आरं, किती सांगितलंस वय? दुष्काळात खडी फोडाया जायची तवा तू पोटात हुतास. अठराची हुते मी."

मी त्रेपन्नचा. म्हणजे आई एकाहत्तरची. वरची सात वर्षं माझी करणी. तिचा जन्मदाखला नव्हताच. आधार काढताना ज्येष्ठांच्या सवलती लवकर मिळाव्यात म्हणून मीच ती ठोकून दिली होती. पुढं पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट झाली आणि गल्लीत माझ्या डोक्याचं लई कौतुक झालं. मग तो आकडा हळूहळू मलाच खरा वाटायला लागला. शेतात जाऊ नको, जिना चढू नको, तुझं वय झालं, असं मी तिला येता-जाता ऐकवायचो.

"बस फुकट मिळावी म्हनून म्हातारी केलीस," आई म्हणाली. "आता त्याच कार्डावर मारतोस व्हय मला? मला जगायचं हाय."

माझी कानशिलं तापली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तसाच सर्जनकडं गेलो आणि सगळं ओकून टाकलं.

ते हसले. "अहो, अठ्ठ्याहत्तरच्या असत्या तरी मी हेच सांगितलं असतं."

मी सही केली. ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी आई वॉर्डात फेऱ्या मारत होती आणि चहा पांचट आहे म्हणून मलाच बोलत होती.

महिन्यानं तपासणीला नगरला निघालो. कंडक्टर आला तशी तिनं सवयीनं कार्ड काढलं.

"ठेव ते," मी म्हणालो आणि तिचं तिकीट काढलं.

"आता कशाला रं?"

"तू एकाहत्तरची आहेस."

तिनं कार्ड पिशवीत टाकलं आणि मला सरकायला लावून खिडकीशी बसली.