शेवटची मूठ सुनांची

आवडतं गाणं कोणतं, असं कुणी विचारलं की मला उगाच राग येतो. विचारणाऱ्याला वाटत असतं, ही आता रेडिओवरचं एखादं गाणं सांगेल, मग आपणही दोन ओळी गुणगुणू आणि चहा येईपर्यंत वेळ बरा जाईल. तशी गाणी मलाही आवडतात. लग्न होऊन महाडला आले तेव्हा आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत रेडिओ होता. सकाळची भक्तिगीतं, दुपारची नाट्यगीतं, सगळं ऐकत मी भाज्या चिरल्या आणि पोरं वाढवली. पण माझं आवडतं गाणं त्या रेडिओवर कधी लागलं नाही. आणि मला स्वतःला ते अर्धंच येतं.

ते आमच्या वाडीतलं भातलावणीचं गाणं. माझं माहेर पोलादपूरकडे, कापड्याच्या वर, डोंगरात. हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी घरं आणि उतारावर पायऱ्यांसारखी उतरत गेलेली खाचरं. लावणीला सगळ्या घरच्या बायका एकमेकींच्या शेतात जायच्या, एका ओळीत वाकून उभ्या राहायच्या. त्या ओळीला पात म्हणत. पातीच्या एका टोकाला, बांधाच्या अंगाला, गाणं सांगणारी असायची. ती एक ओळ सांगायची आणि बाकीच्या जणी तिला उत्तर द्यायच्या. त्या उत्तराला झेल म्हणायचं. सांगणारी आमच्या वाडीत एकच होती, माझी आई. तिच्या आधी माझी आजी होती.

गाणं एका सासुरवाशिणीचं. तिचं माहेर नदीच्या पलीकडे, सावित्रीला पूर आलेला, भाऊ न्यायला येऊन पैलतीरावर उभा. ही अलीकडे. आई सांगायची, 'नदीच्या पल्याड माहेर माजं, भाऊस उभा गो.' आम्ही झेलायचो, 'पानी उतरंल गो बाय, मग जाशील.' ती पुढचं काहीतरी सांगायची, आम्ही पुन्हा तेच. दर ओळीला पाणी उतरणार आणि दर ओळीला ती मग जाणार. लहानपणी मला त्या बाईची इतकी काळजी वाटायची की रोपं लावताना माझा हात थांबायचा आणि मागून कुणीतरी चिखलाचा हात पाठीवर मारायचं.

आता म्हणाल, एवढी वर्षं ऐकलंत तर मग येत कसं नाही? पातीच्या शेपटाला, लांबच्या टोकाला, आम्ही पोरी. डोक्यावर पानांचं इरलं, त्यावर पावसाचा ताशा वाजतोय, आई तिकडे खाली वाकून चिखलाला सांगितल्यासारखी सांगतेय. आमच्यापर्यंत पोचायचा तो ओळीचा शेवटचा शब्द, आणि तेवढ्यावर झेल द्यायचा. मधे सासू काहीतरी म्हणते, खाचर लावून झाल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही असं काहीसं. मधे भाऊ हाका मारतो. बाकी सगळं त्या पावसाने खाल्लं.

आणि शेवट तर आम्ही ऐकलाच नाही. आमच्याकडे रीत अशी, की शेवटच्या खाचरातली शेवटची मूठ सुनांनी लावायची. रोपांच्या त्या शेवटच्या जुडीला लेकींनी हात लावायचा नाही. मूठ हातात घेतली की आम्हाला घरी पिटाळायच्या, चुली पेटवा, भाकऱ्या टाका म्हणून. गाण्याचा शेवट त्या मुठीबरोबर सांगायचा. एकदा मी हट्टाने बांधावर बसून राहिले तर आईने मला ढेकूळ फेकून मारलं.

"जा गो घरी," ती ओरडली. "तू परक्याची. तुला शेवट घेऊन काय करायचाय?"

"ती पोचली का, तेवढं सांग ना आये."

"माजी सून येल, तिला सांगन. तू तुज्या सासूला इचार."

माझी सासू महाडच्या बाजारपेठेतली. तिला भात ठाऊक होता तो दुकानातला. पण आईचं म्हणणं तिच्या जागी सरळ होतं. लेक दुसऱ्या गावाला जाणार, गाणं घेऊन गेली तर ते आपल्या खाचराच्या काय उपयोगाचं? सून येते ती राहायला. म्हणून लेकींना झेल आणि सुनांना गाणं. तिला तिच्या सासूने दिलं, ती तिच्या सुनेला देणार. यात कुठे घोटाळा होईल असं कुणाला वाटलंच नाही.

सून आली, पण परळला. माझा भाऊ गिरणीत लागला होता, वहिनी तिथल्याच चाळीत वाढलेली. बरी बाई, माझा तिच्यावर राग नाही. गणपतीला यायची, चार दिवस जपून जपून चालायची आणि परत जायची. जुलैत कोण रजा देतो? ती पातीत कधी उभी राहिली नाही, आणि आईने घरात बसून तिला गाणं शिकवलं नाही. खाचराबाहेर ते सांगायचं नाही, असं तिचं ठाम होतं. मी भावाला म्हटलं, एखाद्या लावणीला बायकोला घेऊन ये. तो म्हणाला, "खालीपिली कशाला तिला चिखलात उतरवायची? आईला गाणी पाहिजेत तर मी ट्रान्झिस्टर आणतो." आणि आणलाही.

पाती लहान होत गेल्या. कुणी मुंबईला, कुणी सुरतेला, आणि म्हाताऱ्या तर जातातच. ऐंशी सालाच्या सुमाराला आई जवळजवळ एकटीच सांगायची, आणि झेल द्यायला शेजारची काकी एकटी.

मग एका माघात आईचं उजवं अंग गेलं. काकीने निरोप धाडला. माणसांनी तिला डोलीत घालून कापड्यापर्यंत खाली आणलं आणि तिथून जीपने महाडला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जीव वाचला, वाचेचं काही सांगता येत नाही. मी तिला आमच्या खोल्यांवर घेऊन आले. भाऊ येऊन गेला. पायाशी बसून रडला, आणि गिरणीतल्या संपाचं बोलत परत गेला.

आईच्या तोंडून एक शब्द निघत नव्हता. ऐकू सगळं यायचं, डोळ्यांना कळायचं, ओठ हलायचे आणि नुसता वारा. जिच्या एका ओळीवर अख्खी पात हलायची, ती पाणी मागायला खाटेची पाटी वाजवायची. मला दया यायला हवी होती. मला राग यायचा. वाटायचं, सांगायचं होतंस ना मला बांधावर, तेव्हा ढेकूळ कसलं मारलंस?

शेजारच्या खोलीत एक शिक्षिका राहायच्या. मूळच्या बौद्ध वस्तीतल्या, माझ्याहून मोठ्या. त्यांचे यजमान गायनपार्टीत पेटी वाजवत, आणि त्यांच्या घरी टेपरेकॉर्डर होता. एप्रिलात, जयंतीच्या दिवसांत, तर त्यांच्याकडे गाण्यांना खंड नसे. मुलगा, मुलगी, सून, आजी, सगळी एकसाथ म्हणायची आणि सगळ्यांना सगळं यायचं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मी भिंतीला टेकून ऐकायची. त्यांच्या गाण्यांत काय काय सोसलेलं होतं ते मला समजत होतं, तरी मला हेवा वाटायचा तो या गोष्टीचा, की त्या घरात लेकीला गाणं अर्धं देत नव्हते.

मी एकदा त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, बोलणं गेलं तरी गाणं राहतं कधीकधी. आमच्या आत्याचं तसंच झालं होतं. तुम्ही म्हणून बघा त्यांच्यासमोर. आलंच काही तर टेपवर घेऊ."

नाही म्हणायचा मला धीर झाला नाही. आशा ही फार निर्लज्ज गोष्ट आहे. मी त्याआधी काकीला विचारायला वर वाडीतही जाऊन आले. काकी दारात तांदूळ पाखडत होती.

"काकी, शेवटची मूठ लावताना तू असायचीस. ती बाई पोचते का गो?"

काकीने सूप थांबवलं. "तुजी आयस सांगायची, आमी झेलायचो. आमचं ध्यान हातात. मूठ लागली की कंबर सरळ व्हनार, येवढंच डोक्यात. तिलाच इचार ना."

"ती बोलत नाय काकी."

"हां. ता पन हाय," काकी म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

मग रोज दुपारी, पोरं शाळेत आणि हे कचेरीत गेले की, मी खाटेशी बसून गाणं म्हणू लागले. मला येत होती ती पहिली ओळ सांगायची, थांबायची, झेल द्यायची, पुन्हा थांबायची. म्हणजे मधली जागा आईने भरावी. ती छताकडे बघत पडलेली असायची. असे कितीतरी दिवस गेले. शिक्षिकाबाईंची शाळा सकाळची, त्याही दुपारी येऊन बसायच्या, मांडीवर टेपरेकॉर्डर, बोट बटणावर. एखाद्या दिवशी त्यांना तसंच बसल्या बसल्या झोप लागायची.

ज्येष्ठातली दुपार होती. बाहेर पाऊस लागलेला, पत्र्यावर नुसता धिंगाणा. मी पहिली ओळ सांगितली, 'नदीच्या पल्याड माहेर माजं, भाऊस उभा गो,' आणि श्वास घ्यायला थांबले. तर खाटेवरून आवाज आला. जाड, ओलसर, पण सुरात. शब्द अगदी स्वच्छ.

"पानी उतरंल गो बाय, मग जाशील."

बाईंनी खटकन बटण दाबलं. आई छताकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी पुन्हा पहिली ओळ सांगितली. तिने पुन्हा झेल दिला. मी हसत होते, रडत होते, बाईंनी माझा दंड घट्ट धरला होता.

"आये," मी म्हटलं, "पुढचं सांग. सासू काय म्हणते? सांग ना. ती पोचली का?"

ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मान जराशी पुढे, कान माझ्याकडे. ही नजर माझ्या ओळखीची होती. पातीच्या शेपटाला आम्ही पोरी अशाच कान देऊन असायचो, त्या टोकाकडून पुढची ओळ येते कधी म्हणून. माझ्याकडून काही येईना तशी तिने स्वतःच पुन्हा म्हटलं, "पानी उतरंल गो बाय, मग जाशील." आणि परत कान दिला.

तेव्हा मला समजलं. तिचं सांगणं गेलं होतं, झेल राहिला होता. ती मला सांगणारी समजत होती. वाट बघत होती ती माझीच, आणि माझ्याकडे पहिल्या ओळीपुढे काही नव्हतं. बाईंनी हळूच टेप बंद केला. "येईल हो, हळूहळू येईल," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता वायर गुंडाळू लागल्या.

नाही आलं. पुढे झेल मात्र ती दिवसभर म्हणायची. पेज भरवली, कूस बदलली, अंग पुसलं, कशालाही तेवढी एकच ओळ. मुलांना आधी गंमत वाटली, मग ती कंटाळली, मग कुणाचं लक्षही जाईना.

आषाढात वाडीतून माणूस आला. म्हणाला, काकी एकटीने काय लावणार, तुमची खाचरं यंदा पडीक ठेवतोय. आईच्या खाटेशेजारीच तो बोलला. तो गेल्यावर मी तिथेच खाली बसले आणि मला रडू आवरेना. किती वेळ रडले कोण जाणे. मग गुडघ्यावर काहीतरी पडलं. आईचा डावा हात होता, तो एकच तिला हलवता येत होता. तिने मला थोपटलं आणि सुरात, समजूत घालावी तसं म्हणाली, "पानी उतरंल गो बाय, मग जाशील."

मी कुठे जाणार होते? जिच्याकडे जायचं ती तर माझ्यासमोर खाटेवर होती, आणि तिच्या-माझ्यात पाणी भरलेलं होतं.