चपला घालताना सांगायची गोष्ट

उताऱ्यातला मध्यवर्ती मुद्दा मला सापडत नाही, हे स्पर्धा परीक्षेत दोन वर्षांत दोनदा सिद्ध झालं होतं. गणित ठीक, चालू घडामोडी पाठ, आणि उतारे आले की माझी माती. दोन्ही वेळा थोडक्यात गेलं, दोन्ही वेळा उताऱ्यांनी गेलं. तिसरी खेप शेवटची, असं घरी ठरलं होतं. यावेळी नाही झालं तर जळगावची खोली सोडायची, गावी यायचं आणि आत्याने काढून ठेवलेली स्थळं बघायची. वडील हे एकदाच बोलले होते, पण आमच्याकडे एकदा बोललेलं पुरतं.

क्लासमधले सर सांगायचे, चार पर्यायांतला एक फार मोठा असतो, एक फार छोटा, एक खरा असतो पण लेखक तसं म्हणालेला नसतो, आणि उरतो तो मुद्दा. ऐकायला किती सोपं! मी मात्र दर वेळी शेवटच्या परिच्छेदाला जाऊन चिकटायची. एक उतारा शहरातल्या झाडांवर होता. तीन परिच्छेद ऊन, सावली, रस्तारुंदी वगैरे. शेवटी दोन ओळी, की झाड तोडलं तेव्हा त्याखालचा पहारेकऱ्याचा बाकही उचलून नेला. मी उत्तर दिलं, पहारेकऱ्यांना बसायला जागा हवी. अख्खा वर्ग हसला. सरांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, "ताई, हा लेखक तुमच्या ओट्यावर बसलेला नाही."

चीड आली, पण बोलले ते खरंच होतं. आमचं गाव पारोळ्याच्या पुढे, धुळ्याकडे जाताना. तिकडे कामाची गोष्ट आल्या आल्या कोणी बोलत नाही. आधी पाणीपाऊस, मग गुरं, मग कोणाचं दुखणंखुपणं, दोन वेळा चहा. माणूस उठतो, दारात जातो, एक चप्पल पायात घालतो, आणि दुसरी घालता घालता ज्यासाठी आला ते सांगतो. माझ्या आत्याचं लग्न असंच ठरलं. तिचे सासरे तासभर बैलांवर बोलले आणि चपला घालताना म्हणाले, मग पोरगी आमच्याकडे देता ना? अशा घरात वाढलेल्या मुलीने पहिल्या परिच्छेदात मुद्दा कसा शोधायचा? तिथे मला फक्त पाणीपाऊस दिसायचा.

पण तिसऱ्या खेपेला मी हट्टाला पेटले. दिवसाला दहा उतारे. तपशिलावर काट मारायची, उदाहरणावर काट मारायची, उरेल ते एका वाक्यात लिहायचं. हळूहळू जमायला लागलं. इतकं, की माणसं बोलतानाही मी मनात काट मारायला लागले. सोबतच्या मुलींना मी नकोशी झाले असणार.

परीक्षेला अकरा दिवस होते तेव्हा वडील अचानक जळगावात, मेहरूण भागातल्या माझ्या खोलीवर आले. दुपारची वेळ, सोबतच्या दोघी अभ्यासिकेत गेलेल्या. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नानांनी दारात चपला काढल्या, कॉटच्या कडेला बसले आणि कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली. आधी फोन नाही, काही नाही. त्याच आठवड्यात आत्याने फोन करून शिरपूरच्या एका स्थळाचं तोंड भरून कौतुक केलं होतं. न्यायलाच आले, दुसरं काय!

मी चहा ठेवला. नाना बोलत होते.

"मका चांगला शे. म्हैस गाभण शे. तुनी मायना गुडघा दुखस. वावरमा मोजणीवाला ई गयात. तुनी आत्या भेटनी व्हती बाजारमा."

मी उतारा वाचावा तशी ऐकत होते. मका, तपशील. म्हैस, तपशील. गुडघा, शेतातली मोजणी, तपशील, तपशील. आत्या म्हटल्यावर मी थांबले. हाच मुद्दा. दुसरा चहा व्हायचा होता, बाजारभाव व्हायचे होते, आणि माझा पुढचा उतारा टेबलावर उघडा पडला होता.

घरी मी नानांशी अहिराणीत बोलते. त्या दिवशी तोंडातून वर्गातली मराठी निघाली.

"नाना, मुद्द्याचं बोला. लग्नाचं असेल तर परीक्षा होऊ द्या. माझा वेळ जातोय."

नाना माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं.

"काही नई," ते म्हणाले. "असाच उनथू." म्हणे, सहजच आलो होतो.

चहा अर्धा ठेवून उठले. दारात एक चप्पल घातली. दुसरी घालताना त्यांचा हात पिशवीत गेला, आणि मी वाट बघत उभी राहिले. हीच तर वेळ असते. हात थोडा वेळ आतच राहिला. मग त्यांनी शेवेचा पुडा काढून माझ्या हातात दिला. "अभ्यास कर, पोरी," म्हणाले आणि जिना उतरून गेले. मी दार लावलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच वाटलं.

पेपर बरा गेला. एकाही उताऱ्यात मी शेवटच्या ओळीला भुलले नाही. नंतर चार दिवस जळगावातच मैत्रिणींबरोबर उत्तरं जुळवत बसले आणि मग गावी गेले.

जेवायला वाढताना आईने सहज विचारलं, "नानांनी कागद दाखाडा का तुले? काय लिखेल शे त्यामा?"

कसला कागद?

शेजारच्या शेतकऱ्याने मोजणी मागवली होती. मोजणीत बांध सरकला आणि आमची विहीर त्याच्या बाजूला गेली. त्याची चार पानी नोटीस सरकारी कचेरीतून आली होती. नाना चौथी शिकलेले. अक्षरं वाचता येतात, पण ती सरकारी वाक्यं एका बाजूने सुरू होतात आणि कुठे संपतात ते कळत नाही. गावात कोणाला दाखवावी तर सगळे शेजाऱ्याच्या उठण्याबसण्यातले. आई म्हणाली, "म्हने, पोरगी हाईच ते शिकी ऱ्हायनी. तीच सांगी." हेच तर मी शिकत होते. परत आल्यावर नाना तिला एवढंच म्हणाले होते, की पोरगी कामात आहे, परीक्षा झाल्यावर बघू.

कागद देवघरातल्या फळीवर होता. मी उभ्या उभ्या वाचला. गट क्रमांक, काट. अर्जदाराचं नाव, काट. कलमं, काट. दोन मिनिटंही लागली नाहीत. तिसऱ्या पानाच्या मध्यावर, ना सुरुवातीला ना शेवटी: हरकत असल्यास नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी कळवावी. नोटीस मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी नाना एसटीत बसले होते. पंधरा दिवस परवा संपले.

मुद्दा बरोबर सापडला. पहिल्या वाचनात.

मी ओट्यावर गेले आणि नानांना एका वाक्यात सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी बडबडत राहिले, वर अपील करता येतं, मी उद्याच तालुक्याला जाते, वकील बघते. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. मग उठले, खांबाला हात टेकला, एक चप्पल घातली.

"त्या दिशी तुना येळ जाई ऱ्हायंता ना," दुसरी चप्पल पायाने ओढत ते म्हणाले, "म्हनीसन नई काढा मी कागद."

आणि ते मोटार सुरू करायला विहिरीकडे गेले.