झिपरूचा वर गेलेला हात

मासवणच्या पुढे डोंगराला टेकलेल्या पाड्यावरचा झिपरू एवढा भित्रा, की समोरून पोस्टमन आला तरी वाट सोडून करवंदीत शिरायचा. म्हणून तर धर्माजीशेठनी त्याला पंचायतीच्या निवडणुकीत उभं केलं. बागाईतदार शेठना राखीव जागेवर मुंडी हलवणारा माणूस हवा होता, आणि झिपरूएवढी हलकी मुंडी पंचक्रोशीत दुसरी नव्हती.

शेठ पक्के हुशार. कागदावर अंगठा घेण्यापेक्षा त्यांनी झिपरूला शिवेवरच्या वाघदेवापुढे नेलं, मुठीत तांदूळ दिले आणि वदवून घेतलं, "शेठच्या शब्दाबाहेर जानार नाय. गेलो तं वाघानं माज्या घरचं मानूस न्यावं." घरी सोमी होती, दोन वर्षांची, एकुलती एक.

दोन वर्षं तो सभेत दाराशी उकिडवा बसला. शेठचा हात वर गेला, की याचाही जायचा. मग सत्त्याहत्तर साली ठराव आला, गुरचरण खाणवाल्याला देण्याचा. त्या गुरचरणावर झिपरूच्या पाड्याची बारा घरं उभी होती. सात सभासदांत तिघे शेठच्या बाजूने, तिघे विरुद्ध. सातवा झिपरू.

त्याला अन्न गोड लागेना. शेवटी तो पाड्यावरच्या चिंतू भगताकडे गेला.

"बोल मोडला तं काय होतं रं?"

"वाघ घरचं मानूस नेतो," भगत म्हणाला. "परक्या घरचं नाय नेत."

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी झिपरूने सोमीला खांद्यावर घेतलं आणि सूर्या नदी ओलांडून मेहुण्याकडे, जिवल्याकडे नेलं. सोबत आणलेल्या भगतासमोर तिला मामाच्या चुलीवरचा भात भरवला. त्या घासाबरोबर ती जिवल्याची लेक झाली. झिपरूची बायको नवसी ऊर बडवत होती, "बारा घरांसाटी माजं घर मोडलंस!"

"वाघाला न्यायला आपुन दोघं हाव ना," झिपरू म्हणाला. बोलता बोलता तो दोनदा डोंगराकडे वळून बघत होता.

सभेत ग्रामसेवकाने विरोधातले हात मोजायला घेतले, आणि झिपरूचा हात वर गेला. चांगला कोपरापासून थरथरत गेला.

"झिपऱ्या, तांदूळ विसरलास?" शेठ ओरडले.

"नाय इसरलो." हात खाली आला नाही. ठराव पडला.

पाड्याने त्याला डोक्यावर घेतलं. पुढे तो सरपंच झाला, दोनदा झाला. विहीर आणली, शाळेवर कौलं चढवली, बोईसरहून आलेल्या साहेबांशी मोडक्या हिंदीत भांडला. लोक म्हणत, झिपरूची भीती पळाली. कसली पळते! माणसांची तेवढी गेली. बिबट्याने कुणाची शेळी उचलली, की सरपंच दोन दोन दिवस कचेरीचं तोंड पाहत नसे. नदीपलीकडचा जिवल्याचा पाडा त्याच्याच पंचायतीतला, तरी चौदा वर्षांत तो तिकडे फिरकला नाही. वाघाला माग लागला तर? नवसी मात्र चोरून जायची. सोमी तिला आते म्हणायची, आणि परतताना नवसी नदीकाठी बसून रडायची.

एक्याण्णव साली बोईसरच्या कारखान्यात बायकांची भरती निघाली. त्यासाठी रहिवासी दाखला लागे. ग्रामसेवक रजेवर होता, म्हणून दाखले सरपंचच भरत होता. लिहायला तो प्रौढांच्या वर्गात शिकला होता. दुपारी दारात एक अठरा वर्षांची मुलगी उभी राहिली. नवसीचंच कपाळ, नवसीचेच डोळे. झिपरूने तिला तत्क्षणी ओळखलं आणि मान खाली घातली.

"नाव?"

"सोमी."

"बापाचं नाव?"

"झिपरू," ती त्याच्याकडे सरळ बघत म्हणाली. "आतेनं समदं सांगितलंय."

पेन थांबलं. उठून तिला पोटाशी धरावं असं त्याला इतकं वाटलं, की छातीत दुखलं. पण नजर आधी खिडकीबाहेर, डोंगराकडे गेली.

"हळू बोल, बाय," तो कुजबुजला, आणि बापाच्या रकान्यात 'जिवल्या' असं लिहून त्याने त्यावर पंचायतीचा शिक्का मारला.