उताऱ्याशिवायचं औषध

"उतारा आणलाय का ट्रेमध्ये?" हे त्यांचं ऑपरेशन थिएटरमधलं पहिलं वाक्य. गुड मॉर्निंगसुद्धा त्यानंतर.

बायपासच्या वेळी हृदय थांबवून रक्त मशीनमधून फिरवतात. ते मशीन, आमच्या भाषेत पंप, चालवणारे टेक्निशियन म्हणजे हे. रक्त पंपात गोठू नये म्हणून आधी हेपॅरिन देऊन ते पातळ करायचं आणि काम झालं की प्रोटामीन देऊन पूर्ववत करायचं. हे प्रोटामीन म्हणजे उतारा. मी त्याच थिएटरची सिस्टर, उल्हासनगरला. ट्रे मी लावलेला असला तरी ते स्वतः वाकून बघणारच.

राहायलाही आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये, बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. मी तळमजल्यावर, ते तिसऱ्यावर, लिफ्ट नाही. तिथेही तीच तऱ्हा. दार ओढण्याआधी चावी दोनदा चाचपायचे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणायच्या, "आमच्या लग्नात यांनी हॉलचं मागचं दार आधी बघून ठेवलेलं. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं." तुमच्या शेजारीही असा एखादा असेलच.

एकदा उल्हासनगरच्याच कॅम्प एक भागातले एक शेठ आले. त्यांना हेपॅरिन चालत नव्हतं, म्हणून बायव्हॅलिरुडिन हे दुसरं औषध वापरलं. त्याला उतारा नाही. ते शरीरातून आपोआप जाईपर्यंत नुसतं थांबायचं, आणि पंपात रक्त कुठे साचू द्यायचं नाही, साचलं तिथे गोठतं. ऑपरेशन छान झालं, पण रक्त वाहायचं थांबेना. छातीतलं रक्त जमा होणाऱ्या बाटलीकडे आम्ही सगळे बघत उभे. ह्यांचा सदरा घामाने चिंब. शेवटी थांबलं. शेठ ठणठणीत झाले आणि दर दिवाळीला आपल्या कारखान्यातली एक जीन्स ह्यांना पाठवू लागले.

मग ह्यांनाच अटॅक आला. ॲडमिट असताना हेपॅरिन दिलं आणि ते ह्यांच्या अंगावर उलटलं. प्लेटलेट्स कोसळल्या, पायात गुठळी झाली. हृदयाच्या तीन नसा बंद, बायपास तर हवीच. आमचे सर्जन म्हणाले, "त्या दुसऱ्या औषधावर करू. मी आहे ना."

"हेपॅरिनविरुद्ध अंगात उठलेलं हे काही महिन्यांत उतरतं, सर. मग हेपॅरिनवरच करा."

"तोवर तुमचं हार्ट दम धरेल, याची गॅरंटी कोण देणार?"

ह्यांनी थांबायचं ठरवलं. जिने बंद, कामही बंद. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत माणूस अडकून पडला. वहिनी दोरीला पिशवी बांधून सोडायच्या, मी त्यात भाजी ठेवायची. वरून हाक यायची, "सिस्टर, आज पंपावर कोण होतं? नीट केलं का त्याने?"

ड्युटीवरून आले की मी वर जायची. शेठची जीन्स घालून बसलेले असायचे आणि मला ते दुसरं औषध कसं भरवशाचं नाही ते समजावायचे.

"अहो, पण शेठ जगले ना?"

"जगले. पण ते थांबणं आठवतंय ना तुम्हाला?"

"आणि हे काय चाललंय मग? हे थांबणं नाही?"

मग हळूच म्हणाले, "पंपाच्या ह्या बाजूचं सगळं माहीत आहे हो. त्या बाजूला झोपायचं कसं?"

मला त्यांचा राग यायचा आणि त्याहून जास्त माया वाटायची. वहिनी आत भांडी आपटत असायच्या. रागावणार तरी कोणावर? दोन्ही औषधांच्या मध्ये सापडलेला माणूस, आणि दोन्हींची त्याला पुरती ओळख.

एका रविवारी दुपारी वहिनींनी वरूनच ओरडून मला बोलावलं. ते घामाने थबथबलेले, छातीवर हात. बिल्डिंगमधल्या चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची भिंतीला अडली. ती तिरकी करेपर्यंत सगळे थांबले. तेवढ्यात त्यांनी माझा दंड धरला.

"सरांना फोन लावा. दुसरं औषध चालेल म्हणावं."

मी तिथेच उभी राहून लावला. सर म्हणाले, "आणा, मी निघालोच." मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

ॲम्ब्युलन्समध्ये वहिनी पायाशी बसल्या, मी उशाशी. अंबरनाथपर्यंत त्यांनी माझा हात धरला होता. तिथे त्यांची पकड सुटली, आणि तिथून उल्हासनगरपर्यंत मीच त्यांचा धरून होते.